पोटात काळी

मोरबीत टाइल कारखान्याच्या लॅबमध्ये माझं सातवं वर्ष होतं, म्हणजे चूक करायला निमित्त उरलं नव्हतं.

बिकानेरकडून एका नव्या खाणीची माती नमुन्याला आली. दिसायला कोळशाच्या पडवीतून झाडून आणल्यासारखी. पण हातात मळली की लोण्यासारखी, आणि सुकवलेली कांडी मोडायला दोन्ही अंगठे लावावे लागले. आमच्या कच्च्या टाइल प्रेसपासून ड्रायरपर्यंत जाताना तडकत होत्या, त्यामुळे मला हवी तशी हीच माती होती. मिश्रणात 20 टक्के घालून बटणासारख्या छोट्या चकत्या दाबून घेतल्या, मफल भट्टीत, म्हणजे लॅबमधल्या छोट्या बंद भट्टीत, रात्रभर ठेवल्या. सकाळी शुभ्र बटणं, पाणीशोषण 0.3 टक्के. व्हिट्रिफाइड टाइलला 0.5 पर्यंत चालतं. मी खूश.

त्या मातीची तापवल्यावरची वजनातली घट रजिस्टरात माझ्याच अक्षरात लिहिलेली होती : 16.8 टक्के. शुद्ध केओलिनाइट, म्हणजे अशा मातीतलं मुख्य खनिजसुद्धा, 14 टक्क्यांच्या आसपासच घटतं. वरचे जवळजवळ तीन टक्के कशाचे, हे मी स्वतःला विचारलंच नाही.

प्लँट ट्रायलला दुपारी भट्टीवाल्या काकांचा फोन आला. "साहब, टाइल तो पूरी की तरह फूल गई."

धावत गेलो. टाइलच्या पाठीला फुगे, आणि तोडून पाहिली तर कडा पांढऱ्या, मधोमध काळा पट्टा. मफलमध्ये पातळ बटणाला आख्खी रात्र मिळाली होती. कारखान्यातल्या रोलर भट्टीत जाड टाइल रोलरांवरून सरकत पन्नास मिनिटांत आत जाऊन बाहेर येते. मातीतला जुना पालापाचोळा, म्हणजे तेच वरचे तीन टक्के, जळून वायू निघायच्या आतच पृष्ठभाग वितळून बंद झाला. शिवाय आत कोंडलेल्या कार्बनने मातीतल्या लोहाचा ऑक्सिजन ओढून घेतला. तसं लोह माती लवकर वितळवतं, म्हणून फुगवटा आणखी.

मालकांनी एकच विचारलं, "ट्रक परत पाठवायचे का?"

पाठवले नाहीत. प्रमाण 7 टक्क्यांवर आणलं, पृष्ठभाग बंद होण्याआधीच्या टप्प्यात हवा वाढवली आणि भट्टी आठ मिनिटांनी लांबवली. टाइल तोडली, पोट स्वच्छ निघालं. कच्ची मोडतोडही कमी झाली, मला वाटलं होतं तितकी मात्र नाही.

काका अजून त्या आठ मिनिटांचा हिशेब मागतात.