बायकांच्या अंगावरून वारं जात नाही का?

"तुमच्याकडे व्यायामाला पुरुषच जास्त दिसतात. बायकांना लकवा कमी होतो का?" तालुक्याच्या गावात फिजिओथेरपी करते म्हटलं की हे विचारणारं कुणीतरी भेटतंच. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

माझ्या खाटांवर दिसतो एवढा फरक आजारात नसतो. पुरुषाला झटका आला की बायको त्याला घेऊन येते, डबा बांधून, महिनोन्महिने. बाईला आला की आणणार कोण, इथंच अडतं. नवऱ्याचा रोज बुडतो, मुलगा पुण्याला कंपनीत, सुनेचं मूल लहान. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने मदत झाली. जावा-जावा, मायलेकी मिळून येऊ लागल्या. पण जिचा पाय उचलत नाही तिला गाडीत चढवायला माणूस लागतंच. झटक्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, आणि नेमके तेच महिने बायका घरी पडून काढतात.

पेशंट स्वतःचं किती करू शकतो हे आम्ही बार्थेल इंडेक्सने मोजतो. १९६५ पासूनची पद्धत. जेवण, आंघोळ, कपडे, संडास, चालणं, जिना अशा दहा गोष्टी, १०० गुण. मी रोज वापरते, उपयोगाची आहे. पण त्यात कळशी नाही, भाकरी नाही, कडेवरचं मूल नाही. १०० पैकी १०० मिळवलेली बाई घरी जाऊन चुलीपुढे रडते.

बेचाळिशीतली एक बाई आठवते. उजवं अंग गेलेलं. पाचव्या महिन्यात भावाने आणली, तोवर दंडाला ओढून उठवून उठवून खांदा उतरला होता. बोटांच्या व्यायामाचा मऊ गोळा हातात दिला, तर नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मी घरून परात आणि ज्वारीचं पीठ नेलं. डाव्या हाताने तिने पीठ मळलं, उजवा उचलून त्यावर ठेवला. आठवड्याभरात मुठीत आवळलेला अंगठा थोडा सुटला. पहिली भाकरी एका बाजूने फाटली, तर पाण्याचं बोट लावून तिने ती कड सांधली.

तिसऱ्या आठवड्यात चार भाकऱ्या जमल्या आणि येणं बंद झालं. पाय अजून घासतच होता. फोन केला तर नवरा म्हणाला, "करते की आता ती सगळं, मॅडम." हे मला अजून लागतं. भाकरीचा व्यायाम मीच दिला होता.

तेव्हापासून पहिल्याच दिवशी नवऱ्याला नाहीतर मुलाला आत बोलावते. दंड न ओढता, कमरेला धरून कसं उठवायचं, हे त्याच्याकडून तीनदा करून घेते. दुपारी एक ते तीन फक्त बायकांची वेळ ठेवली आहे. मांडीचे व्यायाम साडी वर घेतल्याशिवाय होत नाहीत, आणि एरवी शेजारच्या खाटेवर नात्यातलाच कुणी दीर-सासरा असतो. आणि कागदावर 'घरात काय करावं लागतं' याच्या खाली आणखी एक ओळ असते: तुम्हाला स्वतःला काय करायचंय?

बऱ्याच जणी आधी सासूकडे बघतात. गेल्या महिन्यात एक जण पटकन बोलली, "माहेरच्या देवीचा डोंगर चढायचाय." सध्या आम्ही दवाखान्याच्या चार पायऱ्या चढतोय. तिचा मुलगा मागे उभा असतो.