तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरा बार ऐकू का आला नाही?

‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ (१९६२) हा सिनेमा पाहिलेला माणूस हमखास एकच शंका काढतो. टॉम डॉनिफननं बोळातून रायफल झाडली, तर गावात कुणालाच दुसरा बार ऐकू कसा आला नाही? दिग्दर्शक जॉन फोर्डनं आपल्याला बनवलं की काय?

गोष्ट थोडक्यात: लिबर्टी हा गुंड, रॅन्सम स्टॉडर्ड हा वकील. समोरासमोरच्या गोळीबारात रॅन्समनंच लिबर्टीला मारलं असं गाव मानतं; खरी गोळी असते ती बोळात लपलेल्या टॉमची. सिनेमात तो प्रसंग दोनदा दिसतो; तेवढा नीट बघा.

पहिल्या खेपेला कॅमेरा रस्त्यावर आहे. रॅन्सम स्टॉडर्ड खानावळीचा एप्रन न काढताच आलाय. लिबर्टी आधी त्याच्याजवळ टांगलेलं मडकं फोडतो, मग उजव्या दंडात गोळी घालतो. पिस्तूल पडतं. रॅन्सम ते डाव्या हातानं उचलतो. डाव्या हातानं! उजव्यानंही ज्याचा नेम धड नव्हता, त्याची गोळी बरोबर लागते हे आपण मुकाट गिळतो आणि शंका काढतो ती आवाजाची.

दुसऱ्या खेपेला कॅमेरा बोळात, टॉमच्या बाजूनं. टॉमचा नोकर पॉम्पी रायफल फेकतो, टॉम झेलतो. इथं मीही पूर्वी चूक काढायचो. दुसऱ्याचा बार ऐकून चाप ओढायचा, तर सेकंदाचा पाचवा भाग तरी जाणारच; दोन आवाज सुटे यायला हवेत. हिशेब बरोबर होता, गृहीत चुकलं होतं. टॉम रॅन्समकडे कशाला बघेल? त्याची नजर लिबर्टीच्या हातावर. लिबर्टी शेवटचा नेम धरतो, त्यासरशी टॉम आणि रॅन्सम दोघंही बार टाकतात.

अगदी एकाच क्षणी? बरं, तेवढा योगायोग मान्य. रायफल आणि पिस्तूल सारखं वाजत नाही, तेही मान्य.

पण मग जखमेचं काय? गोळी समोरून नाही, बाजूनं आलेली. डॉक्टर विलोबी व्हिस्की मागतो, घोट घेतो, पायानंच प्रेत उलथवतो आणि ‘मेला’ म्हणून मोकळा होतो. ना पंचनामा, ना काही. लिबर्टीची माणसं खून झाला म्हणून ओरडतात, पण प्रेत बघावंसं त्यांनाही वाटत नाही. गावाला ऐकू आलं नाही, की ऐकायचंच नव्हतं? माझं अजून ठरत नाही.

निदान वकिलानं तरी विचारायचं ना, गोळी कुठून शिरली म्हणून? कायद्याची पुस्तकं घेऊन आलेला हा माणूस. तो तेव्हा स्वयंपाकघरात, खानावळीतल्या हॅलीकडून दंडाला पट्टी बांधून घेत असतो, आणि दारात टॉम उभा.