तलावाकाठच्या बांधकामाची परवानगी: माझा अनुभव

तलावाकाठच्या घराला एक खोली वाढवायची, काठ ढासळतोय तिथे दगडी भिंत घालायची आणि होडीसाठी लहानसा धक्का बांधायचा. तिन्हींचा अर्ज एकत्रच केला.

पहिला प्रश्न आला, बांधकामाचं तलावापासूनचं अंतर मोजायचं कुठून? पाण्यापासून नाही, कारण पाणी पुढेमागे होतं. मोजतात ते उच्च पाणीपातळीच्या रेषेपासून. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी ती काठावरच दाखवली: खडकांवरचे डाग, वाहून येऊन अडकलेला पालापाचोळा, पाणवनस्पती संपून जमिनीवरची झुडपं सुरू होतात ती जागा. ही रेषा घराच्या चांगलीच जवळ निघाली. खोली मागच्या अंगाला गेली.

खरी हुज्जत झाली भिंतीवरून. मी मातीचं गाऱ्हाणं मांडलं. त्यांचं म्हणणं, भिंतीवर आपटलेली लाट शमत नाही. उलटून पायाशी तळ खरवडते आणि शेजारच्या काठाचीही झीज वाढवते. शिवाय कासवं अंडी घालायला जमिनीवर येतात. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात आणि लव्हाळ्याच्या काडीवर चढून कात टाकतात. उभ्या भिंतीपुढे दोघांचीही वाट बंद. नियमाच्या कलमापेक्षा मला हे जास्त पटलं. मग उतार सौम्य केला, पायथ्याशी काथ्याच्या जाड वळकट्या खुंट्यांनी ठोकल्या आणि स्थानिक रोपं लावली. काथ्या कुजेपर्यंत मुळं माती धरतात.

हिरवळही गेली. खतातला फॉस्फरस पावसाबरोबर तलावात उतरतो. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा त्याच्याच कमतरतेमुळे आटोक्यात असते, म्हणून थोडासा पोचला तरी पाणी हिरवं होतं. आता काठालगतच्या पट्ट्यात गवत कापायला मनाई आहे. पाण्याकडे जायला एकच अरुंद, नागमोडी वाट. सरळ असली तर पावसाचं पाणी तिच्यावरूनच धावतं.

धक्क्याला फारसा त्रास झाला नाही: भराव नको, खांबांवर उभारा, फळ्यांत फटी ठेवा म्हणजे खाली उजेड पोचेल. घराच्या रंगाचाही नमुना मागितला. त्याचा माशांशी काय संबंध, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

परवाना मिळाला तो अटींसकट. रोपांचे फोटो दर हंगामाला पाठवायचे, मेलेली पुन्हा लावायची. पाण्यात आडवं पडलेलं जुनं झाड हलवायचं नाही, कारण माशांची पिल्लं त्याच्या फांद्यांत लपतात. होडी वळसा घालून काढावी लागते. त्याबद्दलची कुरकुर मी लेखी नोंदवली आहे.