नववा नंबर आणि एन-लिस्टचं लॉगिन

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं एकच पुस्तक सगळ्यांना हवं होतं. लायब्ररीत त्याच्या तीन प्रती, वर्गात आम्ही चोवीस जण. क्लेम लावला, म्हणजे पुस्तकासाठी रांगेत नाव नोंदवलं, तेव्हा माझा नंबर नववा. मी पेठहून नाशिकला एसटीने ये-जा करते. संध्याकाळची गाडी धरायला पाचच्या आत सीबीएस स्टँड गाठावं लागतं, त्यामुळे रीडिंग रूममध्ये बसणंही जमत नव्हतं. आणि पुस्तक विकत घ्यायचा विषय घरी काढवत नव्हता.

लायब्ररीयन मॅडमनी विचारलं, "एन-लिस्टचं लॉगिन घेतलंस का?" मी हे नावही ऐकलं नव्हतं. ही कॉलेजांसाठीची ऑनलाइन लायब्ररी. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र २०१० पासून ती चालवतं. कॉलेज वर्षाची वर्गणी भरतं आणि विद्यार्थ्याला ई-पुस्तकं, जर्नल्स घरी बसून वाचता येतात, फुकट. आमच्या कॉलेजने वर्गणी भरलेली होती, पण वर्गात लॉगिन होतं फक्त दोघांकडे. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

फॉर्म भरला, आय-कार्डची झेरॉक्स जोडली. चार दिवस झाले तरी मेल नाही. पुन्हा गेले. मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली: माझ्या ई-मेलमधलं शून्य तिथे 'ओ' झालं होतं. फॉर्मवर मीच ते तसं काढलं होतं. दुरुस्ती झाली, मग पासवर्डचा मेल स्पॅममध्ये सापडला.

आणि हवं ते पुस्तक त्यात नव्हतंच! रडूच यायचं बाकी होतं. मॅडम म्हणाल्या, छापील खपणारी पाठ्यपुस्तकं प्रकाशक अशा संचात सहसा देत नाहीत. पुस्तकाचं नाव सोड, सिलॅबस काढ. मग एकेक टॉपिक टाकून शोधत आम्ही दोघी पाऊण तास बसलो. पेरिसायक्लिक रिअ‍ॅक्शन्सवर दोन वेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं मिळाली. यूजीसीच्या ई-पीजी पाठशाळा या वेबसाइटवर त्याच विषयाचे धडे होते, त्यांना तर लॉगिनही लागत नाही. कुठे काय मिळालं ते मॅडमनी सिलॅबसच्या मागे पेन्सिलीने लिहून दिलं. तो कागद मी जपून ठेवलाय.

सावळ घाटात रेंज जाते, म्हणून प्रकरणं कॉलेजच्या वायफायवरच उतरवून घ्यायची आणि गाडीत वाचायची. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे वाकडे बाण मोबाईलवर नीट दिसत नाहीत. आकृती मोठी करायची, की बाण एका टोकाला आणि रेणू दुसऱ्या टोकाला जातो. मग घरी पोचल्यावर प्रत्येक रिअ‍ॅक्शनची यंत्रणा, म्हणजे मेकॅनिझम, वहीत मोठी काढायची. ती काढता काढताच मला समजत गेली.

माझा नववा नंबर लागला तेव्हा सेमिस्टरचे पेपर होऊन गेले होते. मी दहाव्याला नंबर देऊन टाकला.

त्या आठवड्यात वर्गातल्या सहा जणींना घेऊन मी काउंटरवर गेले. फॉर्म भरताना प्रत्येकीला सांगितलं, शून्य असेल तर त्यावर तिरकी रेघ मार.