स्पिनरच्या झाकणाचा स्विच

नाशकात गोदावरीचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत चढलं, त्याच आठवड्यात आमच्या वॉशिंग मशीनचा स्पिनर बंद पडला. सिडकोतलं घर, चिंचोळी गॅलरी, पाच माणसांचे कपडे. हाताने पिळलेली जीन्स तिसऱ्या दिवशीही ओलीच, आणि घरभर कुबट वास.

मशीन सेमी-ऑटोमॅटिक आहे. धुवायची बाजू ठणठणीत चालत होती. स्पिनरचा टायमर फिरवला की टिकटिक ऐकू यायची, पण ड्रम हलायचा नाही. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, मोटर तरी गेली असेल, नाहीतर झाकणाचा स्विच. स्विच असला तर डायरेक्ट करून देतो, खर्चच नाही."

डायरेक्ट म्हणजे स्विच काढून त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडायच्या. मग झाकण उघडं असलं तरी मोटर फिरत राहणार. माझी मुलगी चार वर्षांची आहे आणि आपले मोजे स्वतः काढायला तिला फार आवडतं. आमच्या मशीनवर स्पिनचा वेग १३०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला १३०० फेरे, लिहिलेला आहे. मी नको म्हणाले.

संध्याकाळी भाऊजी मल्टिमीटर घेऊन आले. ते अंबडच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहेत. "वहिनी, आवाज कसा येतो ते आधी सांगा," म्हणाले. आवाजच नव्हता. कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग, गेला तर मोटर बहुतेक वेळा गुं-गुं करते, पण फिरत नाही. इथे गुणगुणही नव्हती, म्हणजे मोटरपर्यंत करंटच पोचत नसावा. टिकटिकीवर मात्र विसंबता येत नाही, कारण हा टायमर चावीचा, तो विजेशिवायही वाजतो. मग मला आठवलं, दोन दिवसांपूर्वी झाकणाचा मागचा कोपरा जोरात दाबल्यावर ड्रमने एक झटका घेतला होता. ते ऐकताच भाऊजींनी प्लग काढला.

वरच्या पॅनेलचे स्क्रू मागून निघतात. झाकणाच्या बिजागरीखालीच तो स्विच होता: पितळेच्या दोन पट्ट्या, टोकाला एकेक बारीक टिकली. झाकण लावलं की त्याची शेपटी पट्टी दाबते आणि टिकल्या चिकटतात. दोन्ही टिकल्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या. मल्टिमीटर बीपवर (जोड सलग असला की वाजतो, त्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही वायरींना टोकं लावली. झाकण बंद असताना बीप यायला हवी होती. आली नाही.

काळं पडण्याचं कारण आमच्या घरातच होतं. घाई असली की आम्ही सगळे फिरत्या स्पिनरचं झाकण सरळ उचलायचो. मोटर चालू असताना असा करंट तोडला की टिकल्यांमध्ये ठिणगी पडते. दर वेळी थोडी.

पॉलिश पेपरने घासून दोन धुणी निघाली असती, पण पट्टीचा ताणही गेला होता. दुसऱ्या दिवशी जुना स्विच पिशवीत घालून रविवार कारंज्याला गेले आणि तस्साच १२० रुपयांना आणला. नुसत्या मॉडेल नंबरावर जाऊ नका, जुना पार्ट दाखवाच, कारण शेपटीची लांबी वेगळी निघते. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढला होता. दोन स्क्रू, दोन जोड, वर इन्सुलेशन टेप. खालच्या कपॅसिटरकडे हात नेण्याची वेळच आली नाही, आणि ते बरंच झालं, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो.

डायरेक्ट करण्यातला आणखी एक धोका भाऊजींनी पॅनेल लावता लावता सांगितला. झाकण उचललं की ड्रमला ब्रेकही लागतो. मोटर चालूच राहिली तर ती ब्रेकशी झगडत तापते आणि शेवटी जळते. म्हणजे खर्च नाही म्हणता म्हणता मोटरच बदलावी लागते.

सगळं बसवल्यावर भरल्या स्पिनरचं झाकण एकदा मुद्दाम उचललं. मोटर तत्क्षणी बंद, ब्रेकची घरघर, आणि मी एक ते सहा आकडे मोजेपर्यंत ड्रम थांबला. आता टायमर शून्यावर आणल्याशिवाय झाकणाला कोणी हात लावायचा नाही, असं घरात ठरलंय. सासूबाई तर नातीलाही थांबवून आधी टिकटिक संपू देतात.