आयटीओ टाळायचं तर आधी पट्टीची रुंदी ठरवा

पॉलिमर सोलर सेलचा सक्रिय थर शाईसारखा पसरवता येतो. पैसे जातात ते इलेक्ट्रोडवर: खाली आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइड, वीज वाहणारा पारदर्शक थर), वर निर्वातात चढवलेलं अॅल्युमिनियम. आयटीओला पर्याय म्हणून बहुतेक जण पेडॉट-पीएसएस (वीज वाहणारं पारदर्शक पॉलिमर, पुढे नुसतं पेडॉट) घेतात आणि सेल चालत नाही म्हणून रसायनाला दोष देतात. खरी गोम बहुधा सेलच्या पट्टीच्या रुंदीत असते.

हिशोब करून बघा. संपर्क एकाच कडेला असेल तर व्होल्टेजची घट म्हणजे करंट घनता गुणिले शीट रेझिस्टन्स (थराच्या चौरस तुकड्याचा रोध, ओहममध्ये) गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले 2. 10 मिलिअँपिअर प्रति चौरस सेंमी आणि 1 सेंमी रुंदी धरली, तर 15 ओहमच्या आयटीओत 0.075 व्होल्ट जातात; 100 ओहमच्या पेडॉटमध्ये 0.5. पीथ्रीएचटी-पीसीबीएम या नेहमीच्या सक्रिय मिश्रणाचा सेल मुळात देतोच 0.6 च्या आसपास! रुंदी निम्मी करा, घट 0.125 वर येते.

पेडॉटचा पीएच1000 ग्रेड घ्या. त्यात आकारमानाने 5 टक्के डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हे सॉल्व्हंट) मिसळून 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. डीएमएसओ टाळू नका, त्याने वाहकता शेकडो पटींनी वाढते. स्वच्छ काचेवर 1500 आरपीएमला मिनिटभर स्पिन करून 120 अंशांवर 15 मिनिटं तापवा. एका थरात 100 ओहम गाठणं कठीण; दुसरा थर द्या. थर ओलावा ओढतो, म्हणून लगेच पुढच्या कामाला लागा.

वरच्या बाजूला चांदीची पेस्ट हवी असेल तर सेल उलटा बांधा: सक्रिय थराखाली झिंक ऑक्साइड, वर पेडॉट, मग पेस्ट. पेस्ट थेट सक्रिय थरावर लावली की तिचं सॉल्व्हंट आत मुरतं आणि शॉर्ट होतो. पेडॉट पाण्यातलं, त्यामुळे पॉलिमरवर थेंब थेंब होऊन गोळा होतं, 0.5 टक्के ट्रायटन एक्स-100 (साबणासारखं ओलं करणारं द्रव्य) घातलं की पसरतं.

नुसतं साहित्य तपासायचं असेल तर नेहमीच्या (न उलटवलेल्या) रचनेत वर अॅल्युमिनियमऐवजी गॅलियम-इंडियमचा थेंब पुरतो. वजनाने 75.5 टक्के गॅलियम, 24.5 टक्के इंडियम, 15.7 अंशांना वितळतं, सिरिंजने ठेवता येतं. अॅल्युमिनियमला मात्र लागू देऊ नका, गॅलियम त्यात शिरून ते ठिसूळ करतं. मोजताना प्रकाशावर ठरावीक क्षेत्रफळाचा मास्क ठेवा, नाहीतर थेंबाबाहेरच्या भागातूनही करंट गोळा होतो आणि कार्यक्षमता फुगून दिसते.