बंद टीव्हीत अडकलेला कर्सर

मुंबईतल्या एका व्हीएफएक्स स्टुडिओत मी सिस्टिम्स सांभाळतो. कलाकारांची बहुतेक मशीन्स लिनक्सवर आहेत. डिलिव्हरीच्या दिवशी दुपारी पेंट टीममधल्या मुलीचा फोन आला. "दादा, कर्सर गायब झालाय. मधेच चमकतो आणि परत जातो."

मी पोचेपर्यंत तिच्या टेबलाभोवती सल्लागार जमले होते. एकाने माउस बदलून दिला होता, दुसऱ्याने यूएसबीचा पोर्ट. तिसरा "रीस्टार्ट मार" म्हणत होता. शॉट सेव्ह केलेला नव्हता, त्यामुळे आधी त्याला कीबोर्डपासून लांब केलं.

समोर दोन मॉनिटर, दोन्ही १९२० बाय १०८० पिक्सेलचे. सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) दाबून टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची विंडो शोधली, एंटर मारला. काहीच आलं नाही. मग लक्षात आलं, ग्नोम (लिनक्सचा डेस्कटॉप) नवी विंडो कर्सर असेल त्या स्क्रीनवर उघडतं. म्हणजे टर्मिनल उघडलं होतं, फक्त आम्हाला दिसत नव्हतं. सुपर, शिफ्ट आणि डावा बाण एकदम दाबले, तसं ते टुणकन उजव्या मॉनिटरवर आलं.

आमच्या मशीन्सवर एक्सडूटूल असतंच; माउस-कीबोर्डची कामं कमांडने करून घेणारा छोटा प्रोग्रॅम. त्याला कर्सरचा पत्ता विचारला. उत्तर आलं: एक्स ३८४०, वाय १७९०. म्हणजे डावीकडून ३८४० आणि वरून १७९० पिक्सेल.

लिनक्सवर स्क्रीनचं चित्र सांभाळणारी जुनी यंत्रणा, एक्स११, सगळे स्क्रीन जोडून एकच सलग पट धरतं. पहिला मॉनिटर ० ते १९१९, दुसरा १९२० ते ३८३९. मग ३८४० कुठला? मी मान वळवली. मागच्या भिंतीवर रिव्ह्यूचा फोर-के टीव्ही होता. सकाळच्या रिव्ह्यूनंतर कुणीतरी तो रिमोटने बंद केला होता, पण एचडीएमआय केबल तशीच होती. स्टँडबायमधले बरेच टीव्ही केबलवरून आपली ओळख देत राहतात, म्हणून ग्राफिक्स कार्डाच्या लेखी तो चालूच होता.

"पण मी माउस डावीकडे किती ओढला!" ती म्हणाली. आणि खरी गंमत तिथेच होती. तिन्ही स्क्रीन वरच्या कडेने जुळवलेले. टीव्हीची उंची २१६०, मॉनिटरची १०८०. म्हणजे टीव्हीच्या खालच्या अर्ध्या भागाला डावीकडे शेजारच नाही. कर्सर १७९० वर, भिंतीला नाक लावून उभा. चुकून हात वर गेला की सुटायचा, म्हणून मधेच चमकायचा.

"अगं, आता बघ," म्हटलं आणि एक्सडूटूलनेच कर्सरला ९६०, ५४० वर पाठवलं. पहिल्या मॉनिटरच्या बरोब्बर मध्यभागी. मग एक्सरँडर या स्क्रीन लावण्याच्या कमांडने टीव्हीचं आउटपुट बंद केलं.

ग्नोममध्ये कंट्रोल दाबल्यावर कर्सरभोवती वर्तुळ उमटवायची सोय आहे, पण ती ॲक्सेसिबिलिटीत जाऊन चालू करावी लागते. केडीई या दुसऱ्या गटाने २०२४ मध्ये त्यांच्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ६.१ आवृत्तीपासून माउस जोरात हलवला की कर्सर मोठा होण्याची सोय आपणहून चालूच ठेवली, आणि मला तेच शहाणपणाचं वाटतं. मात्र इथे दोन्ही उपाय फुकट गेले असते, कारण वर्तुळही त्या काळ्या टीव्हीवरच उमटलं असतं. एक्स११ च्या जागी आलेल्या वेलँडवर तर साध्या प्रोग्रॅमला कर्सरचा पत्ता विचारायचीही मुभा नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते रास्तच, पण माझी पंचाईत.

तिच्या मशीनवर सुपर-एफ१२ ला 'कर्सर मध्यभागी आण' असा शॉर्टकट बांधून दिला. शॉट वेळेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रिव्ह्यूवाल्यांचा फोन: "टीव्हीवर काहीच दिसत नाहीये."